गादीवाल्याची झोप

दुकानात जांभई द्यायची नाही, असा हुकूम माझ्या मुलानं मला सोडला होता. हसू नका. किराणावाल्यानं जांभई दिली तर लोक म्हणतात, बिचारा सकाळपासून बसलाय. गादीवाल्यानं जांभई दिली की लोक त्याच्या गाद्यांकडं बघतात. "चाचा, तुमच्याच गादीवर झोपून तुमची ही गत, तर आमचं कसं व्हायचं?" असं एक गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं आणि नव्या गाद्या करायला दुसरीकडं निघून गेलं. तेव्हापासून जांभई आली की मी कापसाच्या ढिगामागं जाऊन देत असे. दिवसातनं इतक्या वेळा ढिगामागं जाऊ लागलो की शेजारच्या गॅरेजवाल्या सत्तारला वाटलं, चाचा या वयात चोरून बिडी ओढायला लागले.

मी रहीम पिंजारी, माजलगावचा. पिंजणं हा आमचा पिढीजात धंदा. माझे अब्बा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे. धनुकली म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. तिच्या तारेवर कापूस धरून ठोका दिला की तार टण्ण करून वाजते आणि कापसाचा दबलेला गोळा फुलून येतो. तिकडं चकलांब्यापर्यंत लोक अब्बांना त्या आवाजावरनं ओळखायचे. मी काही वर्षं धनुकली चालवली, मग मशीन घेतलं. मशीनच्या पोटात दात असलेला रूळ फिरतो, तो एका तासात अब्बांचं दिवसभराचं काम करतो. आवाज मात्र त्याला तारेचा येत नाही, नुसता घर्रर्र येतो.

गादीचं काम बघायला सोपं आहे. खोळ शिवायची, पिंजलेली रुई तिच्यात सारखी पसरून भरायची, छडीनं झोडून एकसारखी करायची आणि मग दाभणानं आरपार टाके घालायचे, म्हणजे रुई जागची हलत नाही. सगळं कसब "सारखी" या शब्दात आहे. नवशिका मधी जास्त भरतो, मग माणूस रात्रभर टेकडीवरनं घसरतो. दोन-तीन वर्षांनी रुई दबते, गाठी होतात. तेव्हा गादी उसवायची, रुई परत पिंजायची आणि परत भरायची. फोमच्या गादीला यातलं काहीच लागत नाही. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून येते आणि एक दिवस मरून जाते. दुकानाच्या पुढच्या निम्म्या भागात माझा मुलगा जावेद त्याच गाद्या विकतो. मागच्या निम्म्या भागात मी. मधी पडदा नाही, पण असावा असं दोघांनाही वाटतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मी सहसा गिऱ्हाइकाला सांगत नाही. जुनी गादी उसवायच्या आधी मी ती उन्हात पसरतो आणि चारी बाजूंनी बघतो. रुई कुठं दबली, कुठं तशीच राहिली, यावरनं घरातलं लई काही कळतं. मधी एकच मोठा खड्डा असला तर माणूस एकटा आणि वजनदार. दोन खड्डे आणि मधी उंच बांध असला तर नवराबायकोचं बोलणं बंद. एका मास्तरांच्या गादीला डोक्याकडं काहीच नव्हतं, पायाकडं मात्र उशीएवढा खळगा. मी म्हणालो, "सर, तुमी उलटं झोपता." सर लाजले. पंख्याचं वारं त्या बाजूलाच लागतं म्हणाले. अशा गोष्टी सांगितल्या की लोक चकित होतात. मला ते चकित झालेलं तोंड बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या धंद्यात घोरणं हे गादीचं सर्टिफिकेट. "चाचा, तुमची गादी नेली तवापासून आमचे हे असे घोरत्यात की भिंत हलती," असं एखादी बाई चिडून सांगायला आली की मी तिला चहा पाजायचो. त्या बाईला वाटायचं मी तिची समजूत काढतोय. मी आपला मनात सलामी घ्यायचो. अब्बासुद्धा म्हणायचे, माणूस घोरला नाही तर टाके उसवून परत घाल.

आणि एक गिऱ्हाइकांची जात असायची थकव्याची. "चाचा, झोप पुरती व्हती, पण उठल्यावर अंग असं की रात्रभर नांगर धरलाय. गादी बगा जरा." मी गादी बघायचो. रुई थोडीफार दबलेली असतेच. "रुई बसलीय," म्हणायचो आणि पिंजून द्यायचो. अंगणवाडीतल्या एक ताई एका वर्षात तीनदा गादी घेऊन आल्या. मी तिन्ही वेळा मन लावून पिंजली. चौथ्यांदा आल्या त्या गादीशिवाय. म्हणाल्या, "चाचा, दवाखान्यात दाखवलं. गादीत काई नव्हतं, माझ्या अंगात रगतच नव्हतं." त्या हसत सांगत होत्या, पण मला लाज वाटली. तिसऱ्या वेळी ताईंचे ओठ पांढरेफटक होते, आणि मी त्यांच्या गादीचा कोपरा दाबून बघत होतो. तेव्हापासून थकव्याचं गिऱ्हाईक आलं की मी आधी म्हणायचो, "रक्त तपासा, मग गादी आणा." जावेद म्हणायचा, अब्बा, तुमी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पोचवताय.

एवढं शहाणपण शिकलेल्या माणसालाच तो थकवा लागला.

चार-पाच वर्षांपूर्वी सुरू झालेली गोष्ट. साठी ओलांडली होती, पोट थोडं पुढं आलं होतं, बाकी ठणठणीत. रात्री इशाची नमाज झाली की जेवून पडायचो आणि पहाटे फजरच्या अजानला उठायचो. भरपूर झोप. पण उठताना वाटायचं, रात्रभर कुणी माझ्या पाठीवर रुईचे गठ्ठे लादून बाजारात हिंडवलंय. दुपारी मान पडायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाक्याचा शेवट विसरायचो. एकदा एका बाईला म्हणालो, "तुमच्या गादीला किलो…" आणि पुढं आठवेना. ती बिचारी पिशवी धरून उभी.

उपाय सांगणाऱ्यांची गावात काय कमी? सत्तार म्हणाला, "चाचा, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावता, पण धरत न्हाई. वायरिंग बगा." मेहुणीनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या धुरानं अख्खी गल्ली खोकली. खारीक खाल्ली, खजूर खाल्ला, डिंकाचे लाडू खाल्ले, वजन तेवढं वाढलं. एका डॉक्टरकडनं ताकदीची सलाईन लावून घेतली, ती अर्धी संपायच्या आत झोपलो आणि उठलो तो पहिल्यापेक्षा दमलेला. मग रक्त तपासलं. साखर ठीक, रक्त ठीक, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "चाचा, रिपोर्ट फ्रेम करून लावा. झोप कशी आहे?" मी छाती काढून म्हणालो, "भरपूर. गादीवाला आहे मी." त्यांनीही मान डोलावली.

माझी बायको जुबेदा तेव्हा शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही आणि मीही नाही.

मग मी आमच्या घरच्या गादीवर संशय घेतला. दुसऱ्या कुणावर घेणार? वर्षात दोनदा ती पिंजली. एकदा रुई वाढवली, एकदा कमी केली. उशीसाठी सावरीचा मऊ कापूस आणला. मापं, भरण, टाके, सगळं माझ्या हातचं, तरी फरक शून्य. दोन्ही वेळा मी ती न बघताच उसवली, उन्हात पसरलीच नाही. आपल्याच घरातलं काय बघायचं?

आणि मग नानांची गादी आली.

नाना म्हणजे दिंद्रुडचे मोठे शेतकरी, एके काळचे सरपंच, आवाज असा की शेजारच्या शिवारातल्या बैलानं कान टवकारावेत. त्यांच्या नातीच्या लग्नासाठी गादी करायला दिली होती आणि दुपारी न्यायला स्वतः टेंपो घेऊन हजर. थोडे टाके राहिले होते. मी म्हणालो, बसा नाना, पाच मिनिटं. मी गादीच्या कडेवर मांडी घालून टाके घालू लागलो. डोळे कधी मिटले ते मला ठाऊक नाही, पण हात चालूच होता. पन्नास वर्षांचा हात आहे, त्याला डोळ्यांची गरज लागत नाही. जागा झालो तेव्हा नाना म्हणत होते, "झाली का?" मी म्हणालो, "झाली," आणि दोरा तोडला. दोन गड्यांनी गादी उचलली. गादीबरोबर मीही उचलला गेलो.

सदऱ्याच्या पुढच्या घेराला मी गादीची कड शिवून टाकली होती. आणि माझा टाका म्हणजे असा तसा नाही! गडी ओढतायत, मी गादीला लटकून दुकानाबाहेर.

नाना ओरडले, "ए, थांबा बे! रहीमभाई शिवलाय गादीला!" मग माझ्याकडं बघून, "रहीमभाई, आमी फकस्त गादी सांगितली व्हती. पोरीच्या सासरी तुमाला कुठं ठेवायचं?"

अख्खा बाजार जमला. सत्तार ब्लेडची पत्ती घेऊन धावत आला आणि खोळीकडं वाकला. मी बोंब मारली, "खोळीला हात लावू नको! सदरा काप!" त्यानं माझा नवाकोरा सदरा पुढनं कापला. नानांच्या नातीच्या गादीला तो तुकडा अजून असेल. मी त्याच गादीवर पोट उघडं टाकून बसलो आणि सगळ्यांबरोबर हसलो. दुसरं काय करणार?

जावेद मात्र हसला नाही. लोक पांगल्यावर तो मशीनजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, आज सदरा व्हता. उद्या ह्या रुळात हात गेला म्हंजे?" तो म्हणाला, "ईदपर्यंत बगू. फरक पडला तर पडला. न्हाई तर मशीन इकून टाकायचं. मागं पण फोम ठेवू. तुमी घरी बसा."

मला राग आला, लई राग आला. पण पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग. घरी बसून मी काय करणार? मला दुसरं काही येत नाही. टीव्हीसमोर बसलो तर झोपेन, आणि झोपून उठलो की आणखी दमेन.

त्या रविवारी मी जावेदला गच्चीवर नेलं. म्हटलं, शेवटचं एकदा घरची गादी उसवतो, पण या वेळी रीतसर, गिऱ्हाइकाची असल्यासारखी. खरं म्हणजे मला त्याच्यासमोर मिरवायचं होतं. फोममध्ये जे वाचता येत नाही ते मी वाचून दाखवणार होतो. गादी उन्हात पसरली, चवड्यावर बसलो आणि सुरू झालो.

"हे बग. ह्या बाजूला सरळ लांब खड्डा हाय. हा माणूस उताणा झोपतो, कूस बदलत न्हाई. वजन पोटाला. म्हंजे हा मी." जावेद हूं म्हणाला. मी पलीकडं सरकलो. "आन् ह्या बाजूला… इथं लांब खड्डाच न्हाई. रुई निम्मी कोरी हाय. फकस्त हितं, कडेला, उशीच्या खाली एक गोल खळगा. खोल हाय. हे माणूस झोपत न्हाई, बसतं. रोज एकाच जागी, दुसऱ्याकडं तोंड करून. अशा गाद्या मी लई बगितल्यात. ह्या घरात कुणीतरी आजारी हाय आन् ही बाई त्याच्या उशाला जागती."

हे सगळं मी सवयीनं, गिऱ्हाइकाला सांगतो त्या ऐटीत बोललो.

जावेद हळूच म्हणाला, "अब्बा, ही अम्मीची बाजू हाय."

खालनं भांड्यांचा आवाज येत होता.

खाली गेलो. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितो, पण जुबेदाच्या बोलण्याची धार मराठीत उतरणार नाही. मी विचारलं, "तू रात्री झोपत न्हाईस?" ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कावून इचारताय?"

"सांग ना."

"तुमी घोरता. मग घोरता घोरता एकदम गप व्हता. श्वासच बंद. मी हलवते, तवा खर्रकन श्वास घेता आन् परत घोरता. मग परत गप. माझा भाऊ असाच झोपेत गेला, सकाळी उठलाच न्हाई. मग मी झोपू कशी? तीन वर्षं झाली."

"मला सांगितलं का न्हाईस?"

आता तिनं मान वर केली. "सांगितलं न्हाई? घोरता म्हटलं तर तुमी खूश! शेजाऱ्यांना सांगत सुटला, माझी गादी बोलती म्हणून. श्वास थांबतो म्हटलं तर म्हणाला, तुला सपान पडलं. डाक्टरपुढं बोलणार व्हते, तर तुमी छाती फुगवून म्हणाला, झोप भरपूर. तुमी झोपलेले असता जी, तुमाला काय ठावं तुमी कसे झोपता?"

तीन वर्षं. दिवसभर स्वयंपाक, पाणी, धुणं, आणि रात्री माझ्या उशाला पहारा. मी थकलो म्हणून अख्खं माजलगाव उपाय सांगत होतं. ती थकली असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. दोनदा गादी उसवली आणि दोन्ही वेळा तिच्या बाजूची कोरी रुई माझ्याच हातांनी माझ्या बाजूच्या रुईत मिसळून पिंजली. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी चूक मी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी जुबेदाला घेऊन बीडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. या वेळी डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हणालो, "हिला विचारा." जुबेदा जी सुरू झाली ती डॉक्टरांनी पेन खाली ठेवेपर्यंत. मग मला अंगाला वायरी लावून झोपवलं. सत्तार तिथं असता तर म्हणाला असता, वायरिंगच होतं ना! रिपोर्ट आला. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, परत झोप. असं रात्रभर. म्हणजे तास सगळे झोपेचे, पण त्यात झोप नाही. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, उताणं झोपू नका, आणि नाकावर लावायचं हे मशीन घ्या.

उताणं झोपायचं नाही यावर उपाय मी स्वतः काढला. जुन्या बनियनला पाठीवर घट्ट रुईचा नारळाएवढा गोळा भरून टाके घातले. उताणं व्हायला गेलो की गोळा टोचतो. गादीतनं आयुष्यभर ज्या गाठी काढल्या, तसलीच गाठ पाठीवर बांधून झोपू लागलो. मशीनचं सोंग वेगळंच. नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि नळीतनं वारं. पहिल्या दिवशी जुबेदा बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. लाइट गेली की वारं बंद, म्हणून जावेदनं इन्व्हर्टर बसवला. फोमवाल्यानं कापूसवाल्यासाठी केलेला हा पहिला खर्च, अशी मी बाजारात जाहिरात केली.

पंधरा-वीस दिवस गेले आणि एका सकाळी मी उठलो तर पाठीवर गठ्ठे नव्हते. एवढंच. आनंदानं उड्या वगैरे मारल्या नाहीत, चहा प्यालो आणि दुकानात गेलो. दुपारी मान पडली नाही. ईद झाली. जावेदनं मशीन विकायचं नाव काढलं नाही, उलट रुळाला तेल घालून गेला.

पण जुबेदाची झोप परत आली नाही. सवय गेली होती. मी गप श्वास घेत पडलेलो, मशीन मंद चालू, आणि ही टक्क जागी. घोरणं बंद झालं म्हणून उलट तिची भीती वाढली. हलवून बघायची. मी मुखवट्यातनं म्हणायचो, जिता हाय, झोप. ती हो म्हणायची आणि बसून राहायची. दिवसा तिचे डोळे खोल गेलेले. मी तिच्या बाजूची रुई नवी भरून दिली. ती हात फिरवून म्हणाली, चांगली झाली. पण आडवी झाली नाही.

मधी नानांनी परत गादी सांगितली, या वेळी स्वतःसाठी. म्हणाले, तुमी जागे असताना कशी शिवता ते बगू. बुधवारी चारचा वायदा केला. पन्नास वर्षांत माझा वायदा कधी चुकला नाही, हे मी नानांना दहा वेळा तरी ऐकवलं असेल. बुधवारी दोनला शेवटचा टाका घातला, गादी जमिनीवर पसरली. जुबेदा डबा घेऊन आली. मी हात धुवायला मागं गेलो. ती म्हणाली, "जरा टेकते." मी हात पुसत आलो तर ती नानांच्या गादीवर कुशीवर पडलेली, पदर तोंडावर, एक चप्पल पायात तशीच.

मी पिंजायच्या मशीनचा खटका बंद केला. जावेदनं पुढं रेडिओ बंद केला. मी तिच्याजवळ बसलो आणि तिचा श्वास ऐकू लागलो. एक, मग दुसरा, मग तिसरा. मधी कुठं खंड नाही.

चारला टेंपो आला. नाना उतरले आणि मी दारातच आडवा उभा राहिलो.

"उद्या या, नाना."

"उद्या कावून? तयार दिसती की ही!"

"न्हाई. अजून तयार न्हाई."

"आवो रहीमभाई, वायदा काय व्हता? पन्नास वर्षांत…"

"आज चुकला."

नानांनी माझ्या खांद्यावरनं आत डोकावून बघितलं. कपाळाला आठी पडली, मग गेली. त्यांचा तो शिवारात ऐकू जाणारा आवाज मी पहिल्यांदा इतका खाली गेलेला ऐकला.

"भाभी घोरत्यात की वो."

"घोरू द्या," मी म्हणालो. "तीन वर्षं माझी पाळी व्हती."

नाना वळले, बोटांच्या टोकांवर चालत टेंपोपाशी गेले आणि ड्रायव्हरच्या खिडकीत तोंड घालून दबक्या आवाजात म्हणाले, "ढकलत ने. गाडी हितं चालू करू नको बे."